पैसे देऊन झोपायला?

देवगडजवळच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलंय. वय 54, गुडघे दुखरे, घरची हापूसची कलमं. मुंबईच्या मुलीने आग्रह केला म्हणून त्या आठवड्यातून तीनदा योगवर्गाला जाऊ लागल्या. तिथल्या बाई सूर्यनमस्कार घालायला लावत नाहीत. पायांची बोटं, घोटे, गुडघे सावकाश हलवायचे, श्वासाकडे लक्ष ठेवायचं आणि शेवटी आडवं पडून योगनिद्रा. यजमान चिडवतात, "पैसे देवन निजाक जातंस?" ताई लिहितात, "मलाही कधी कधी तेच वाटतं. एक-दोनदा मी चक्क घोरले. एकदा नुसती पडून असताना रडूच आलं, कशाचं ते कळलं नाही. हा योग आहे का? आता आंब्याचं काम तोंडावर आलंय, वर्ग सोडून देऊ?"

ताई,

आधी यजमानांचं बघू, कारण निम्मं पत्र त्यांनीच अडवलंय. हठप्रदीपिका हा साधारण पंधराव्या शतकातला ग्रंथ. त्यात पंधरा आसनं सांगितलीत आणि त्यांत शवासन आहे: जमिनीवर प्रेतासारखं उताणं पडायचं, त्याने थकवा जातो आणि चित्ताला विसावा मिळतो. सूर्यनमस्कार त्या पंधरांत नाहीत. व्यायाम म्हणून ते इतके पसरले त्यात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा मोठा वाटा, आणि ती गोष्ट गेल्या शतकातली. माझं सूर्यनमस्कारांशी वैर नाही, झेपतील त्याने जरूर घालावेत. पण घाम निघाला तरच योग, असं पतंजलीही म्हणत नाही. 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन, एवढीच त्याची आसनाची व्याख्या, आणि पुढच्याच सूत्रात तो सांगतो की प्रयत्न सैल सोडल्याने ते साधतं.

हे सगळं घरी ऐकवायला मात्र जाऊ नका. तिन्हीसांजेला ओटीवर वाद घालून कुणाचं मत बदललेलं मी तरी पाहिलेलं नाही.

तुमच्या बाई शिकवतात ती पद्धत मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाची दिसते. तिथल्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी तंत्रातल्या न्यासावरून, म्हणजे मंत्र म्हणत अंगाच्या एकेका भागाला स्पर्श करण्याच्या विधीवरून, योगनिद्रा बांधली. उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरुवात, मग एकेक बोट, तळवा, मनगट असं लक्ष अंगभर फिरवायचं. अंग स्वस्थ पडलेलं असतं, काम चाललेलं असतं ते लक्षाचं. रत्नागिरीजवळच्या पावसला तुम्ही जाऊन आला असालच. स्वामी स्वरूपानंद (1903–1974) जवळजवळ चाळीस वर्षं तिथल्या एकाच घरात राहिले आणि येईल त्याला सोहं साधना सांगत राहिले: श्वास आत जाताना 'सो', बाहेर पडताना 'हं'. तिथे कुणी पाय डोक्यामागे नेऊन दाखवा म्हणत नव्हतं.

घोरण्याचं म्हणाल तर योगनिद्रेत जागं राहायचं असतं, हे खरं. पण पहाटेपासून राबलेलं अंग जमिनीला टेकलं की झोपणारच, नव्याने शिकणाऱ्या बहुतेकांचं असं होतं. जेवून लगेच पडू नका. तरी डोळा लागत असेल तर एक हात कोपरातून उभा धरा; झोप आली की तो कलंडतो आणि जाग येते.

रडू आलं त्याचं कारण शोधत बसू नका. दिवसभर माणसांत, कामात असलेल्या बाईला स्वस्थ पडल्यावर असं भरून येऊ शकतं. येऊ द्यावं, डोळे पुसावे, उठावं. मात्र वर्गाबाहेरही सारखं रडू येत असेल, झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते योगाच्या बाईंवर सोपवू नका. डॉक्टरांना दाखवा किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, मराठीत बोलता येतं. गुडघ्याला सूज असेल तर तोही आधी दाखवून घ्या. पडताना गुडघ्यांखाली गोधडीची गुंडाळी घ्या, आणि मांडी घालवत नसेल तर सरळ खुर्चीत बसा. त्याने योग बाटत नाही.

मला विचाराल तर तुमची अडचण योगाची नाहीच. बाईमाणसाने आजारी नसताना दिवसाढवळ्या आडवं पडायचं, हे आपल्याकडे अजून पचत नाही. यजमान दुपारी जेवून लवंडत असतील, त्याचा हिशेब कुणी मागतं का? तुम्हीही देऊ नका. "हो, निजायला जाते" म्हणा आणि चपला घाला. चार-सहा वेळा असं झालं की चिडवण्यातली मजा संपते.

राहिला आंबा. एप्रिल-मेमध्ये घरात आढी लागलेली, पेट्या भरायच्या, गडी माणसांचं जेवण, मुंबईचे फोन. त्यात वर्गाची वेळ सांभाळायला गेलात तर शवासनातही पेट्याच मोजाल. बाईंना आत्ताच सांगा की दोन महिने येणार नाही. घरी सकाळी दहा मिनिटं घोटे-गुडघ्यांच्या हालचाली आणि रात्री अंथरुणावर सोहं, एवढं पुरे. तिथे झोप लागली तरी चालेल. पाऊस सुरू झाला की पुन्हा नाव घाला. तेव्हा जमिनीला ओल येते, म्हणून नुसत्या चटईवर पडू नका, खाली जाड सतरंजी न्या. आणि फी या खेपेला मुलीकडून न घेता आंब्याच्या पैशांतून स्वतः भरा.