इंग्रजांनी एवढं लुटलं, तरी आपल्या लोकांना त्यांचा राग का येत नाही?

तुमचा प्रश्न असा, की इंग्रज दीडशे वर्षं राज्य करून, लुटून गेले, तरी आपल्याकडे त्यांच्याबद्दल चीड दिसत नाही, उलट त्यांच्या शिस्तीचं आणि बांधकामाचं कौतुकच ऐकू येतं, ते का? ‘मानसिक गुलामगिरी’ असं दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळं होता येतं, बरेच जण होतातही. मी मूळची वाळवा तालुक्यातली, आता सांगलीत असते. घरात आणि गावात जे ऐकलं, बघितलं, त्यात हे उत्तर काही बसत नाही.

आधी कौतुकाचं बघू. पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न, “आयर्विनला किती झालं?” आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल. पुराची पातळी तिथं मोजतात. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आम्ही घर सोडून बहिणीकडं जाऊन राहिलो होतो. एका खोलीत अकरा माणसं, आणि तासातासाला कुणाच्या तरी फोनवर आयर्विनचा आकडा. त्यात आमचे काका म्हणाले, “सायबाचा पूल हाय, हलायचा न्हाय.”

मी म्हटलं, “काका, नाव साहेबाचं आहे. पूल बांधला पटवर्धनांच्या संस्थानानं.”

“आसंल. पर आत्ताच्या ठेकेदाराचं डांबर पयल्या पावसात निघतंय का न्हाय?”

म्हणजे काकांना साहेबाचं काही पडलेलं नव्हतं. आत्ताच्या ठेकेदाराला हाणायला त्यांना एक काठी हवी होती, ती साहेबाची मिळाली. ‘इंग्रज बरे होते’ हे वाक्य मी आजवर ज्यांच्या तोंडून ऐकलं, ते बहुतेक वेळा तहसील कचेरीतून किंवा बँकेतून हेलपाटा मारून आलेले असायचे. त्यांतल्या एकालाही इंग्रज परत यायला नको होते.

पूल 1929 चा. ज्याचं नाव दिलं तो लॉर्ड आयर्विन तेव्हा व्हाइसरॉय होता. भगतसिंगांच्या खटल्यासाठी खास न्यायाधिकरण नेमणारा 1930 चा वटहुकूम त्याचाच, आणि 23 मार्च 1931 ला फाशी झाली तेव्हाही व्हाइसरॉय तोच. गाडीच्या मागच्या काचेवर भगतसिंगांचा फोटो लावलेल्या रिक्षा रोज त्या पुलावरून जातात. कुणाला त्यात वावगं वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर हे उत्तर लिहायला बसेपर्यंत मलाही वाटलं नव्हतं. माणूस विसरला गेला, नावाची फूटपट्टी झाली. विलिंग्डन कॉलेजचंही तेच. सांगलीतल्या दहा जणांना विलिंग्डन कोण म्हणून विचारा, नऊ जण कॉलेजला जायचा रस्ता सांगतील.

आता रागाकडं येते, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

माझी आज्जी 1943 साली बारा-तेरा वर्षांची होती. आमचा वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता गावोगाव चालवलेलं आपलं सरकार, ऐन भरात होतं. नाना पाटलांचं गाव येडेमच्छिंद्र आमच्याच तालुक्यातलं. त्याच साली जूनमध्ये शेणोलीला पगाराची रेल्वे लुटली होती. लहानपणी मी आज्जीला विचारलं होतं, “तू गोरा बघितलास का गं?” ती म्हणाली, “गोरा? म्या न्हाय बघितला. आमच्यात आल्ते ते समदे आपलेच. मराठीच बोलायचे.” पोलीस झडतीला आले, कणगी फोडली, जोंधळा अंगणात ओतला आणि वर घासलेट टाकलं. हे सांगताना ती हातानं ओतल्याची खूण करायची, दर वेळी. फौजदार आपला, शिपाई आपले, मामलेदार आपला, आणि कुठलं घर झडायचं हे दाखवायला आलेला माणूस तर तीन आळ्या पलीकडचा.

तो माणूस आज्जी शेवटपर्यंत विसरली नाही. त्याचं नाव घ्यायची नाही, ‘खबऱ्याचं घर’ म्हणायची. प्रतिसरकारनंही शिक्षा कुणाला केल्या ते बघा: खबरे, दरोडेखोर, गोरगरिबांना नाडणारे सावकार. तळपायावर काठ्या मारायचे, बैलाला पत्री ठोकतात तसं, म्हणून त्याला पत्री सरकार नाव पडलं, असं सांगतात. लंडनचा राजा त्यांच्या हाताला लागणारच नव्हता. हाताला लागत होता तो गावातला माणूस, आणि राग त्याच्यावर साचला. तो गेला नाही. फक्त तुम्ही शोधताय तिथं तो नाही.

शिवाय ‘आपल्याला राग’ म्हणताना आपण म्हणजे कोण, तेही बघायला हवं. महात्मा फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. ज्यांना शिकायलाच बंदी होती त्यांना इंग्रजी राज्यात शाळेचं दार उघडलं, हे फुल्यांनी मानलं. त्याच फुल्यांनी, गोरे अधिकारी ऐषआरामात गुंग आणि कारभार हाताखालच्या देशी कारकून-अंमलदारांच्या हाती, म्हणून शेतकरी नागवला जातो, असंही ठणकावून लिहिलं. म्हणजे आज्जीला दिसलेला चेहरा त्यांनी साठ वर्षं आधी ओळखला होता. साताऱ्यात 7 नोव्हेंबर 1900 ला डॉ. आंबेडकरांचं नाव इंग्रजी शाळेत घातलं गेलं. वडील त्याच इंग्रजांच्या पलटणीतले सुभेदार. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावामागं आजही ‘मिलिटरी’ लागतं. पहिल्या महायुद्धात तिथले 46 जण कामी आले. त्या गावात जाऊन ‘तुमचे पूर्वज इंग्रजांसाठी का मेले’ असं विचारून बघा. मी तरी विचारणार नाही.

आणि ज्यांनी उघड वैर धरलं, त्यांनीही सुरुवात विश्वासानंच केली होती. 1839 साली इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना गादीवरून काढून काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदाएक वर्षं तिथं दारं ठोठावत राहिले. महाराज 1847 मध्ये काशीतच वारले, पुढच्या वर्षी गादीवर बसवलेले त्यांचे भाऊही गेले आणि वारस नाही म्हणून राज्य खालसा झालं, तरी हा माणूस तिथंच. साहेबाच्या देशात न्याय मिळेल एवढी खात्री आज आपण कुठल्या कचेरीबद्दल बाळगतो? हात हलवत परत आल्यावर ते बंडाच्या तयारीला लागले. 8 सप्टेंबर 1857 ला साताऱ्याच्या गेंडामाळावर 17 जणांना मारलं, कुणाला फासावर, कुणाला तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. त्या कटातही फितुरी झालीच होती. साताऱ्यात या विषयावर बोलणं निघालं की इंग्रजांइतक्याच शिव्या फितुरांना बसतात.

महाबळेश्वरच्या पॉइंटांची नावं बदला म्हणणाऱ्यांबद्दलही तुम्ही विचारलंय. बदला की. आर्थर सीटवरून दरी तेवढीच खोल दिसेल.

आता आमच्या घरचं सांगते. माझ्या चुलतभावाची मुलगी विलिंग्डनला शिकली, तिथून पुण्याला नोकरीला गेली, आणि तिनं लग्न ठरवलं ते नेमकं त्या ‘खबऱ्याच्या घरा’तल्या मुलाशी. पणतू तो. घरात सात-आठ महिने रामायण चाललं. आज्जी तेव्हा नव्हती, पण तिची कणगी मात्र रोज निघायची, ज्यांनी कधी बघितली नव्हती त्यांच्याही तोंडी. शेवटी लग्न झालं. काका आले, अक्षता टाकल्या, आहेर दिला आणि जेवण न करता निघून गेले.

वर्षभरात दोघांना लंडनला नोकरी लागली. तेव्हा काकांनी स्वतः जाऊन पेढे वाटले.