मंडळीने दिलेली जबाबदारी आणि माझी भीती

प्रश्न : आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) महिला संघाचे अध्यक्षपद मी स्वीकारावे, असे सर्वांनी एकमताने ठरवले आहे. चारचौघांत बोलताना माझा आवाज कापतो. नकार द्यावा, तर देवाची हाक डावलल्यासारखे वाटते. मी काय करावे?

उत्तर : ताई, बायबलमधील निर्गम या पुस्तकाचा ३ रा आणि ४ था अध्याय एका बैठकीत वाचा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मिद्यानात सासऱ्याची मेंढरे राखणाऱ्या मोशेला जळत्या झुडपातून हाक आली, तेव्हा त्याने एकामागून एक अडचणी पुढे केल्या : मी कोण, लोक विश्वास ठेवणार नाहीत, माझी जीभ जड आहे, आणि शेवटी दुसऱ्या कोणाला तरी पाठव, अशी विनवणीच केली. ‘मी कोण’ या प्रश्नावर देवाने त्याचे गुण मोजून दाखवले नाहीत, मी तुझ्याबरोबर असेन एवढेच सांगितले, हे मला फार मोलाचे वाटते, कारण विश्वास म्हणजे स्वतःविषयीची खात्री नव्हे. बोलण्याची तक्रार तर मोशेने ६ व्या अध्यायातही केली आहे; मात्र तोवर त्याच्या वतीने बोलायला त्याला भाऊ अहरोन मिळालेला होता.

म्हणून होकार देण्यापूर्वी आपला अहरोन कोण, हे सभेतच विचारा. हिशेब, आजाऱ्यांच्या भेटी, प्रार्थनासभेची तयारी ही कामे वाटून द्या. १८ व्या अध्यायात इथ्रोने जावयाला असाच सल्ला दिला होता. प्रकृती किंवा घरची परिस्थिती खरोखर आड येत असेल, तर पाळकांना तसे स्पष्ट सांगा. त्या नकारात अविश्वास नाही. अडचण केवळ आवाजाची असेल, तर पहिल्या सभेत प्रार्थना लिहून आणून वाचा.