कॅमेऱ्याची जागा आणि कॅमेऱ्याची नजर वेगळी करा

वाड्याच्या चौकातल्या तुळशीवृंदावनाभोवती कॅमेरा फिरवत शेवटी वर न्यायचाय, शॉट 250 फ्रेमचा आहे. ब्लेंडर या थ्रीडी अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये दर पंधरा फ्रेमला लोकेशन (जागा) आणि रोटेशनला (वळण) की दिलीय, म्हणजे त्या फ्रेमवरची किंमत पक्की केलीय, तरी वृंदावन डावी-उजवीकडे डगमगतं आणि कॅमेरा बरोबर वर पोचला की चित्र गर्रकन उलटं होतं, असं तुम्ही लिहिलंय. या दोन वेगळ्या अडचणी आहेत.

आधी डगमगण्याचं. जिथे की आहे त्या फ्रेमवर वृंदावन नेमकं मध्यात असतं, कारण तिथे तुम्ही ते डोळ्यांनी जुळवलंय. मधल्या चौदा फ्रेममध्ये मात्र ब्लेंडर जागेच्या रेषा वेगळ्या काढतो आणि रोटेशनच्या वेगळ्या. जागा थोडी पुढे गेली म्हणून वळायला हवं, हे रोटेशनला कळतच नाही. त्यामुळे आणखी कीज देऊन हे सुटत नाही, उलट हिसके वाढतात.

शूटिंगला ट्रॉली ढकलणारा वेगळा असतो आणि कॅमेऱ्यामागे राहून पॅन करणारा वेगळा. तसंच इथे करा. कॅमेऱ्यावरच्या सगळ्या कीज काढा, अल्ट+जी आणि अल्ट+आर दाबून त्याला शून्यावर आणा. ही पायरी गाळू नका. पुढे आपण फॉलो पाथ लावणार आहोत, म्हणजे वस्तूला आखलेल्या वाटेवरून चालवणारा कॉन्स्ट्रेंट (वस्तूच्या हालचालीला घातलेलं बंधन). त्यात कॅमेऱ्याचं स्वतःचं लोकेशनही मोजलं जातं, त्यामुळे ते शून्य नसेल तर तो वाटेपासून लांब कुठेतरी तरंगत राहतो आणि माणूस कारण शोधत बसतो. मग हव्या त्या वाटेची बेझिये कर्व्ह (वळणदार रेषा) काढा आणि कॅमेऱ्याला फॉलो पाथ लावा. त्यात फिक्स्ड पोझिशनवर खूण करून ऑफसेट फॅक्टरला, म्हणजे कॅमेरा वाटेवर कुठवर आला त्या आकड्याला, पहिल्या फ्रेमवर 0 आणि शेवटच्या फ्रेमवर 1 अशा दोनच कीज द्या. झाली ट्रॉली.

नजरेसाठी वृंदावनावर एक एम्प्टी (रेंडरमध्ये न दिसणारी, नुसती खुणेची वस्तू) ठेवा आणि कॅमेऱ्याला ट्रॅक टू हा दुसरा कॉन्स्ट्रेंट लावून तिच्याकडे बघायला लावा, ट्रॅक अक्ष (कॅमेऱ्याची बघण्याची दिशा) उणे झेड, अप (त्याची वरची बाजू) वाय. कॉन्स्ट्रेंटच्या यादीत फॉलो पाथ वर आणि ट्रॅक टू खाली हवा. क्रम उलटला तर कॅमेरा जुन्या जागेवरून नेम धरतो आणि मग वाटेवर सरकतो, नेम चुकलेलाच राहतो. आता वृंदावन सगळ्या फ्रेमना जागच्या जागी राहील.

पुढे नजर वृंदावनावरून ओसरीकडे न्यायची असेल तर एम्प्टीलाच की द्या. मी एम्प्टी कॅमेऱ्याच्या आठ-दहा फ्रेम आधी हलवते. माणूस आधी बघतो, मग पाऊल टाकतो, त्यामुळे चाल खरी वाटते. खालून फिरताना कॅमेरा आणि एम्प्टी दोन्ही 1.5 मीटरच्या आसपास एकाच उंचीवर ठेवून बघा. कॅमेरा वर-खाली झुकत नाही, म्हणून लाकडी खांब फ्रेममध्ये सरळ उभे दिसतात. एम्प्टी थोडी वर घेतली की तेच खांब वर निमुळते होऊन एकमेकांकडे झुकतात.

आता उलटं होण्याचं. कॅमेरा सरळ ठेवायला ट्रॅक टूला ‘वर’ म्हणजे कुठे हे लागतं. कॅमेरा वृंदावनाच्या बरोबर माथ्यावर आला की नजरेची रेषा आणि ‘वर’ची रेषा एकच होते, आणि तो बिंदू ओलांडताच एका फ्रेममध्ये अर्धी गिरकी बसते. वाट माथ्यापासून थोडी बाजूने न्या, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. माथ्यावरून पलीकडे जायचंच असेल तर ट्रॅक टूऐवजी डॅम्प्ड ट्रॅक हा नजर धरणारा दुसरा कॉन्स्ट्रेंट लावा. त्याला अप अक्ष नसतो, म्हणून तो उलटत नाही, पण हळूहळू क्षितिज तिरकं व्हायला लागतं, ते सांभाळावं लागतं. मला स्वतःला अशा शॉटसाठी क्रेन आवडते: कॉन्स्ट्रेंट काढून कॅमेरा एम्प्टीला पेरेंट करायचा, म्हणजे तिच्याबरोबर हलेल असा बांधायचा, आणि एम्प्टीच फिरवायची. कोन तुमच्याच आकड्यांनी ठरतो, त्यामुळे गिरकीचा प्रश्नच येत नाही.

वेगासाठी ग्राफ एडिटर उघडा, त्यात ऑफसेट फॅक्टर फ्रेमगणिक कसा बदलतो त्याची रेषा दिसते. सुरुवातीला आणि शेवटी रेषा हळूच वळलेली, मध्ये सरळ, इतकंच बघा. मध्ये जादा की सापडली तर उडवा.

आणि फायनल रेंडरआधी (शेवटचं चित्र तयार करण्याआधी) पूर्ण शॉट सॉलिड व्ह्यूमध्ये, म्हणजे साध्या झटपट रूपात, काढून बघाच. एका कामात मी रात्रभर रेंडर लावलं होतं, सकाळी अशीच गिरकी दिसली आणि सगळं पुन्हा करावं लागलं. हे सगळं करूनही झटका राहिला तर ऑफसेट फॅक्टरच्या ग्राफचा स्क्रीनशॉट टाका, मी बघते.