आधी बघ, मग घे

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. पत्राला शोभेल एवढा लांब आहे, म्हणून उत्तरही पत्रानेच देतो. पुण्याचे कोणी गृहस्थ परदेशी निघालेत, त्यांना आपला संग्रह एकगठ्ठा द्यायचाय, चाळीसेक खेळण्यातली अंतराळयानं आहेत आणि सुटी द्यायची त्यांची तयारी दिसत नाही. तुझे दोन पगार त्यात जातील. "काका, स्टार ट्रेकचा सेट जवळजवळ पूर्ण होईल," असं तू लिहिलंयस. आणि लगेच त्याखाली, "यातली निम्मी कुठल्या मालिकेतली तेही मला माहीत नाही." ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिल्यावर तुला झोप लागत नाही, याचं मला अजिबात नवल वाटलं नाही.

हा छंद पोरकट आहे का, आई काय म्हणते, उद्या सासरी कपाट मिळेल का, यावर मी एक अक्षर लिहिणार नाही. त्याची उत्तरं तुझ्याकडे आहेत. माझ्याकडे एकच गोष्ट आहे आणि ती तू याआधीही माझ्या तोंडून ऐकली आहेस: आधी बघ, मग घे. ज्या मालिकेचा एकही भाग तू पाहिला नाहीस, तिचं यान घरात आणायचं नाही. फुकट मिळालं तरी नाही.

तू म्हणशील, काकांचं हे जुनंच तुणतुणं. असू दे. पण त्यामागे नुसता हट्ट नाही, ते नीट ऐक.

ही यानं आधी पडद्यासाठी बनली, कपाटासाठी नंतर. स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ मालिकांतली पहिली १९६६ ते १९६९ चालली. तिच्यातल्या एंटरप्राइझ या मुख्य यानाचं चित्रीकरणाचं मोठं मॉडेल अकरा फुटी होतं. आत दिवे बसवले आणि त्यांच्या वायरी डाव्या अंगाने बाहेर काढल्या, त्यामुळे डावी बाजू तशीच अर्धवट राहिली. कॅमेरा कायम उजव्या बाजूला. म्हणून त्या मालिकेत यान बहुतेक वेळा पडद्यावर उजवीकडे तोंड करून जाताना दिसतं. उलट्या दिशेने न्यायची वेळ आली तर आकडे उलटे चिकटवायचे आणि फिल्म उलटवायची. ते मॉडेल आज वॉशिंग्टनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे, २०१६ साली दुरुस्त करून पुन्हा मांडलंय. आता तुझ्या कपाटातलं बोटभर एंटरप्राइझ हातात घे आणि त्याची डावी बाजू बघ. तिथे खिडक्या आहेत, अक्षरं आहेत, सगळं जिथल्या तिथे. मालिकेच्या मूळ मॉडेलला जी बाजू धड नव्हती ती तुझ्या खेळण्याला आहे! हे ज्याने बघितलंय त्याला त्या डाव्या बाजूकडे पाहून हसू येतं. ज्याने नाही बघितलं त्याच्या हातात नुसती एक बशी आणि दोन नळकांडी असतात.

आणखी एक सांगतो. त्याच मालिकेच्या १९६७ मधल्या एका भागात कॉन्स्टेलेशन नावाचं मोडकं यान दाखवायचं होतं. नवं मॉडेल बनवण्याऐवजी त्यांनी दुकानात मिळणारं एएमटी कंपनीचं एंटरप्राइझचं जोडायचं किट आणलं, ते जाळून-मोडून घेतलं आणि डब्यातल्याच १७०१ या एंटरप्राइझच्या आकड्यांची फिरवाफिरव करून १०१७ केलं. म्हणजे पोरांनी घरी बसून चिकटवायचं खेळणं थेट पडद्यावर गेलं. उद्या तुझ्यासमोर १०१७ लिहिलेलं यान आलं आणि तू तो भाग पाहिलेला नसेल, तर तू म्हणशील, छपाईची चूक आहे, किंमत कमी करा. आणि विकणाऱ्यालाही माहीत नसेल तर तो करेलही. असा सौदा मला चोरीसारखा वाटतो. तुझी काकू म्हणते, याला तत्त्वं फार. हो, आहेत.

आता तुझ्या 'सेट'कडे येतो. त्या गठ्ठ्यातली ही यानं मासिकासोबत यायची, ईगलमॉस या इंग्रज प्रकाशनाने ती २०१३ पासून काढली. एक अंक, एक यान. अशा मालांचा पहिला अंक स्वस्त असतो, मग नेहमीची किंमत लागते आणि तोवर तुला आकड्यांची सवय लागलेली असते. सव्वीस आहे, सत्तावीस नाही, म्हणून सत्तावीस हवं. शंभराच्या वर अंक गेले आणि २०२२ साली कंपनीच बंद पडली. आता जगभर कित्येक कपाटांत एखादी जागा रिकामी ठेवून माणसं बसलीत. त्या रिकाम्या जागेत काय येणार होतं ते विचार, नंबर सांगतील. गोष्ट सांगता येणार नाही. तुला तसलं व्हायचंय का?

शिवाय तो सेट म्हणजे एका प्रमाणात केलेला ताफा नव्हेच. जुनं एंटरप्राइझ २८९ मीटरचं, १९८७च्या मालिकेतलं ६४२ मीटरचं. हातात घेतलीस तर दोन्ही जवळपास एकाच मापाची, कारण दोन्ही एकाच आकाराच्या डब्यात बसवायची होती. हे तू पाहिलं असशील तर कपाटात ती शेजारी लावणार नाहीस, मध्ये जागा सोडशील. बघ, यातलं काही मासिकात वाचून कळेलही. पण खुपणार नाही. खुपायला बघावं लागतं.

मी कुठून आलो ते तुला माहीत आहे. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं. नाशिकच्या रविवार पेठेतल्या आमच्या वाड्यात टीव्ही एकाच घरी, आम्ही पोरं उंबऱ्यात दाटीवाटीने. इंग्रजी कोणालाच कळत नव्हतं. टोकदार कानांचा तो माणूस रागावलाय की नाही यावर आमची भांडणं व्हायची. पुढे सातपूरला एका कारखान्यात डाय कास्टिंगवर लागलो आणि आयुष्यभर जस्ताच्या मिश्रधातूचे लहान-मोठे भाग ओतले. त्यामुळे माझा हात यानाच्या पोटाखाली आधी जातो. गेल्या महिन्यात तू आणलेलं ते एंटरप्राइझ मी भिंगाखाली बराच वेळ धरलं होतं, आणि तू कंटाळून मोबाइल बघत होतीस. मी काय पाहत होतो? बशीच्या कडेने केसाएवढी एक रेघ जाते, ती डायच्या, म्हणजे साच्याच्या, दोन अर्धांची पार्टिंग लाइन. पोटाशी छोटी गोल वर्तुळं दिसतात, ती इजेक्टर पिनची, जिने भाग साच्यातून बाहेर ढकलला. अस्सल मालात ती रेघ सरळ आणि बारीक असते. अस्सल खेळण्यावरून साचा घेऊन जे नकली ओततात, त्याच्या कडा बोथट होतात, खिडक्यांचे खड्डे भरून येतात आणि अख्खा नग किंचित लहान भरतो, कारण ओतलेला माल थंड होताना आकसतो. हे तुला शिकवायला मी तयार आहे. पण पोरी, कड बोथट आहे हे कळायला ती कड मुळात किती धारदार होती ते माहीत असायला हवं. ते कुठे कळणार? पडद्यावर. आधी बघ.

आणि पडद्यावर बघितल्यावरच कळतं की खेळणं बनवणाऱ्याने कुठे मनमानी केली. १९७०च्या 'यूएफओ' मालिकेतलं इंटरसेप्टर पांढरं आहे. लिव्हरपूलच्या डिंकी या खेळण्यांच्या कंपनीने ते चकचकीत हिरवं काढलं. त्याच डिंकीचं एंटरप्राइझ बशीतून प्लॅस्टिकच्या चकत्या फेकतं. मालिकेत कोणी चकत्या फेकत नाही! मला ही लबाडी आवडते, कारण मला ती लबाडी आहे हे कळतं.

आता ते सांगतो जे सगळ्यांना सांगत नाही. देवळाली कॅम्पात एक म्हातारे पारशी गृहस्थ बंगला रिकामा करत होते. तेव्हा मी नोकरीत होतो. त्यांच्याकडे डिंकीचं ईगल होतं, 'स्पेस: १९९९' या मालिकेतलं यान, हिरवं-पांढरं, चारही पाय शाबूत. डबाही होता. किंमत सांगितली ती आजच्या मिसळीच्या दोन प्लेटांएवढी. मी हातात घेतलं, फिरवलं, आणि परत दिलं. ती मालिका मी पाहिली नव्हती. ते म्हणाले, "घेऊन जा डिकरा, आवडलंय तुला." मी नाही म्हणालो आणि बस पकडून घरी आलो.

पुढे कित्येक वर्षांनी ती मालिका मिळाली. पहिल्याच भागात ते ईगल चंद्राच्या तळावरून वर उचललं जाताना पाहिलं आणि मी रात्रभर बसून राहिलो. काय बनवलंय स्पेशल इफेक्ट्सवाल्या ब्रायन जॉन्सनने! उगाच चिकटवलेला पंख नाही, कसला डौल नाही, उघडा सांगाडा आणि मधला डबा बदलता येणारा. कारखान्यात काम केलेल्या माणसाला ते बघताक्षणी पटतं. आज तसं ईगल डब्यासकट घ्यायचं तर बाहेरून मागवावं लागेल. खेळण्यांवरचा आयात कर २०२० साली वीस टक्क्यांवरून साठवर नेला, २०२३ मध्ये सत्तरवर. माझ्या पेन्शनीत ते बसत नाही.

माझा जुना मित्र दर दिवाळीला मला यावरून टोचतो. म्हणतो, तुझ्या तत्त्वाने तुझंच नुकसान केलं. मला नाही पटत. त्या दिवशी ते घेतलं असतं तर ते माझ्या कपाटात एक हिरवा पत्र्याचा डबा म्हणून पडलं असतं आणि ज्या रात्री मी ती मालिका पाहिली त्या रात्री उठून कपाट उघडलं असतं, एवढंच. हळहळ वाटते का? वाटते. देवळालीला गेलो की त्या बंगल्याच्या बाजूने जात नाही. पण पुन्हा तसंच झालं तर पुन्हा परतच देईन. हे तुला पटवायला लिहितोय की मला, असं तू विचारशील. विचार.

तुझी गोष्ट वेगळी आहे, हे मला कळतं. तुझ्याकडे लॅपटॉप आहे, सगळ्या मालिका बोटावर आहेत. आमच्यासारखं दहा वर्षं थांबायचं नाहीये तुला. म्हणून तर राग येतो! जे बघायला चार रविवार लागतील त्याआधी दोन पगार कशाला?

स्टार ट्रेकमधली व्हॉयेजर मालिका तू संपूर्ण पाहिली आहेस, म्हणून त्या गठ्ठ्यातलं व्हॉयेजर तुझं. वेगात जाण्याआधी त्याच्या मागच्या दोन्ही नॅसेल, म्हणजे इंजिनांची नळकांडी, वर उचलल्या जातात, ते तूच मला हातवारे करून दाखवलं होतंस. या मापाच्या खेळण्यात त्या सहसा एकाच जागी पक्क्या असतात. कुठल्या जागी, त्याचा फोटो मागव. डीप स्पेस नाइनचं डिफायंट घे. पहिल्या मालिकेतलं शत्रूंचं क्लिंगॉन डी-७ घे, ते तर मीच तुला दाखवलंय. बाकीच्यांना हात लावू नकोस. त्या गृहस्थांना सरळ विचार, एवढी सुटी देता का. माणूस निघण्याच्या घाईत आहे, देईल. नाही म्हणाला तर जाऊ दे. दुसरा भेटेल. दर पावसाळ्यात कोणीतरी परदेशी जातंच.

आणली तर दोन गोष्टी. ब्रशने धूळ झटक, बाकी काही लावू नकोस. आपल्याकडे घरोघरी तांब्या-पितळेची भांडी, त्यामुळे कशालाही चिंच आणि पावडर चोळायचा हात शिवशिवतो. अंजनेरीच्या नाणे संग्रहालयात जाऊन बघ, जुनी नाणी कोणी घासून लखलखीत करत नाही. दुसरं म्हणजे पश्चिमेची खिडकी. सिडकोतल्या तुमच्या घरात दुपारचं ऊन थेट शोकेसवर येतं, त्याने प्लॅस्टिक पिवळं पडतं. पडदा लाव. आणि धातूच्या नगावर बारीक भेगा किंवा फुगवटा दिसला तर मला आधी दाखव. जस्तात शिशाची भेसळ असली की ते आतून फुटत जातं, त्यावर औषध नाही. जुन्या मालात हे होतं, युद्धाआधीच्या डिंकीत तर फार.

रविवारी ये. काकूने साबुदाणा भिजत घातलेला असेल. येताना लॅपटॉप आण, आपण डीप स्पेस नाइनचा तो भाग लावू ज्यात डिफायंट पहिल्यांदा येतं. मी तो अर्धाच पाहिलाय.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
काका

ता.क. गठ्ठ्याबाहेरचं एक डिंकीचं, 'थंडरबर्ड्स' मालिकेतलं निळं थंडरबर्ड २ आहे आणि "कोणीतरी रंग बदललेला दिसतो" म्हणून ते स्वस्त लावलंय, असं तू लिहिलंयस. रंग कोणी बदललेला नाही. मालिकेत ते हिरवं आहे, डिंकीनेही १९६७ साली हिरवंच काढलं होतं, पण १९७०च्या दशकात कंपनीनेच ते निळ्या रंगात आणलं. हे त्या गृहस्थांना आधी सांग, मग किंमत विचार. तू ती मालिका पाहिलेली नाहीस, तेव्हा तुला नियम लागू. मी पाहिली आहे. त्यांचा नंबर मला पाठव.