नवी गाडी शंभराला थरथरते आणि शोरूम ‘ओके’ म्हणते, तेव्हा

प्रश्न : मी मंठा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. गेल्या दसऱ्याला ११ लाख ४० हजारांची नवी गाडी घेतली. तालुक्याला, बाजाराला जाताना काही जाणवत नाही. पण मुलगी नागपूरला शिकते, त्यामुळे जालन्याहून समृद्धीवर चढावं लागतं. वेग ९५ च्या पुढे गेला की स्टिअरिंग थरथरायला लागतं, समोर ठेवलेल्या बाटलीतलं पाणी हलत राहतं. ११० च्या पुढे थोडं कमी होतं. छत्रपती संभाजीनगरच्या शोरूमला तीन चकरा झाल्या. दोनदा बॅलन्सिंग केलं, एकदा अलाइनमेंट. तिसऱ्या वेळी म्हणाले, “सिमेंटचा रस्ता आहे, एवढं जाणवणारच.” जॉब कार्डावर ‘गाडी तपासली, ओके’ असं लिहून माझी सही घेतली. मला गाडी बदलून हवी आहे. मेव्हणे म्हणतात, बँकेचे हप्ते थांबवा, कंपनी आपोआप ताळ्यावर येईल. काय करू?

उत्तर : गुरुजी, आधी हप्त्यांचं बोलतो, कारण तिथली चूक नंतर निस्तरता येत नाही. हप्ते थांबवू नका. कर्जाचा करार तुमचा आणि बँकेचा आहे. गाडी थरथरते की नाही याच्याशी बँकेला देणंघेणं नाही. हप्ते थकले तर सिबिल बिघडेल, बँकेची माणसं दारात येतील, आणि शोरूमला त्याची झळसुद्धा लागणार नाही. मेव्हण्यांचा राग खरा आहे, पण तो चुकीच्या दारावर निघतोय.

आता तुमची मुख्य मागणी. अख्खी गाडी बदलून मिळणं शक्य आहे, पण सोपं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका नव्या गाडीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून द्यायचं कबूल केलेलं असेल, तर तेवढ्या दोषापायी संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही. म्हणून ‘नवी गाडी द्या’ एवढीच एक मागणी घेऊन गेलात तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला हा निकाल पुढे करेल. थरथर नेमकी कशामुळे होते हे आधी ठरलं पाहिजे. दोष टायरचा निघाला तर मागणी टायरची, हबचा (चाक ज्यावर बसतं तो भाग) किंवा ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा) निघाला तर मागणी मोठी. आणि वारंवार दुरुस्ती करूनही दोष गेलाच नाही, तर गाडी बदलून द्या किंवा पैसे परत करा या मागणीत जीव येतो. तुमच्या प्रकरणात निदान हाच निम्मा खटला आहे.

‘शहरात चालवून बघितली, काही नाही’ हे उत्तर मी अनेक जॉब कार्डांवर वाचलं आहे. ते कसं खोडायचं ते सांगतो. पंधरा इंची रिमचं चाक १०० च्या वेगाला सेकंदाला साधारण १४ फेरे घेतं. रिमच्या कडेला वजनात २० ग्रॅमचा फरक असेल, तर त्या वेगाला तो जवळपास तीन किलोच्या ओढीइतका हिसका देतो, तोही सेकंदाला १४ वेळा. ४० च्या वेगाला तोच हिसका सहाव्या हिश्श्यावर येतो, हाताला कळतही नाही. म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या बाहेरच्या गर्दीत एक चक्कर मारून ‘ओके’ लिहिणं ही तपासणीच नव्हे. ज्या वेगाला तक्रार आहे त्याच वेगाला गाडी चालवून बघायला हवी होती. ग्राहक आयोगापुढे हा मुद्दा सेवेतील त्रुटी म्हणून मांडता येतो.

दोनदा बॅलन्सिंग करूनही थरथर राहिली, यालाही अर्थ आहे. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक अधांतरी फिरतं, त्याच्यावर गाडीचं वजन नसतं. टायरच्या आतली बांधणी एका जागी कडक, एका जागी मऊ असेल तर मशीन शून्य दाखवते आणि रस्त्यावर वजन पडलं की स्टिअरिंग हलतं. रिमला किंचित बाक असला, गाडी यार्डात महिनोन् महिने एकाच जागी उभी राहून टायर चपटा पडला असला, तरी असंच होतं. म्हणून शोरूमला लेखी सांगा : पुढची दोन्ही चाकं मागे लावून त्याच रस्त्यावर गाडी चालवून बघा. थरथर स्टिअरिंगमधून निघून सीटखाली गेली तर दोष चाकात किंवा टायरमध्ये आहे. स्टिअरिंगमध्येच राहिली तर हब, शाफ्ट, सस्पेन्शन तपासायला लावा. त्याच वेगाला एक गिअर खाली घेऊनही बघायचं. इंजिनाचे फेरे वाढले आणि थरथर तशीच राहिली, तर इंजिन निर्दोष ठरलं. फक्त ब्रेक दाबल्यावरच वाढत असेल तर डिस्ककडे बघावं लागेल. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून, म्हणजे ठराविक वेगाच्या पट्ट्यात येते आणि पुढे कमी होते यावरून, माझा पहिला संशय चाकांवर आहे. पण मी वकील आहे, मेकॅनिक नाही. मला हवाय तो संशयाचा कागदावरचा निकाल.

या तपासणीला शोरूमचा माणूस शेजारी बसलाच पाहिजे. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, त्यामुळे ‘तुम्ही नियम मोडून पळवत होता’ असं कोणी म्हणू शकणार नाही. कोणत्या वेगाला सुरू झाली, कुठे जाणवली, कोणत्या वेगाला थांबली, हे त्याच दिवशी जॉब कार्डावर लिहून त्याची सही घ्या. जमलं तर दुसऱ्या एखाद्या चांगल्या डांबरी महामार्गावरही एक फेरी मारा. तिथेही तसंच झालं, तर ‘सिमेंटचा रस्ता’ हे कारण तिथेच संपलं. व्हिडिओ शेजारच्याने काढायचा, चालवणाऱ्याने नव्हे. स्पीडोमीटर आणि स्टिअरिंग एकाच चौकटीत दिसू द्या. मूळ फाइल फोनमधून काढू नका, पुढे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावं लागेल. फास्टॅगचं स्टेटमेंटही काढून ठेवा. अमुक तारखेला गाडी समृद्धीवर होती, याचा तो फुकटचा साक्षीदार आहे.

‘ओके’वरच्या सहीने घाबरू नका, पण गप्पही बसू नका. आजच शोरूमला आणि गाडीच्या कंपनीला ई-मेल करा : ‘माझी सही गाडी ताब्यात मिळाल्याची आहे, दोष दूर झाल्याची नाही. ९५ ते ११० च्या दरम्यान थरथर कायम आहे.’ तिन्ही जॉब कार्डांच्या प्रतीही त्याच मेलमध्ये मागा. आणि इथून पुढे गाडी टाकताना तक्रारीच्या रकान्यात ‘व्हायब्रेशन’ एवढा एकच शब्द लिहू देऊ नका. तुमचं वाक्य तुमच्या शब्दांत उतरवून घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. माझ्याकडे एक शेतकरी आले होते, त्यांची तक्रारही अशीच होती. कंटाळून त्यांनी स्वतःच्या खर्चाने चार नवे टायर टाकले आणि जुने दुकानदाराला देऊन टाकले. थरथर गेली, पण पुरावाही गेला. दाव्यात दाखवायला हाती फक्त टायरचं बिल उरलं. तुमच्या गाडीचा कोणताही भाग बाहेर बदलू नका. शोरूमने बदललाच तर काढलेल्या भागावर कोणता क्रमांक आहे, तो कुठे गेला, हे जॉब कार्डावर नोंदवून घ्या. टायरची वॉरंटी बहुतेक वेळा टायर कंपनीची वेगळी असते. गाडीची कंपनी तिकडे बोट दाखवेल. म्हणून टायरवरचा संशय पक्का झाला तर टायर कंपनीलाही पक्षकार करायचं.

एवढं करूनही ऐकलं नाही तर शोरूम आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टने नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. तिथून काही वेळा प्रकरण मिटतं, पण तिचा निर्णय कुणावर बंधनकारक नसतो. पुढचं दार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचं. गाडी संभाजीनगरला घेतली म्हणून तिथेच जायला हवं असं नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे जालन्याला तक्रार करता येते. तुमच्या रकमेला शुल्क ४०० रुपये आहे, आणि वकील न लावता स्वतः उभं राहण्याचाही हक्क आहे.

तक्रारीसोबतच याच अधिनियमाच्या कलम ३८ खाली अर्ज द्या की गाडीची तज्ज्ञ तपासणी करून अहवाल मागवावा. निर्मितीदोष सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर असतं, आणि ते तुमच्या शब्दाने नाही, तज्ज्ञाच्या अहवालाने पेललं जातं. तपासणीचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल. मागण्या एकाखाली एक ठेवा : दोष कायमचा दूर करून वॉरंटी वाढवून द्यावी, ते न जमल्यास गाडी बदलून द्यावी, तेही न जमल्यास किंमत परत करावी. नुकसानभरपाई आणि खर्च वेगळा मागा. तोवर गाडी कुणाला भाड्याने देऊ नका, लग्नाच्या वरातीलासुद्धा नाही. ‘व्यावसायिक वापर’ असा आक्षेप आला की आधी ग्राहक असल्याचंच सिद्ध करत बसावं लागतं.

मुदत दोन वर्षांची आहे. ती शेवटच्या नकारापासून मोजावी असा युक्तिवाद मी तुमच्यासाठी करीनही, पण त्या भरवशावर राहू नका. गाडी ताब्यात मिळाली तो दसऱ्याचा दिवस धरून मोजा आणि त्याच्या दोन महिने आधी तक्रार दाखल झालेली असू द्या.