ब्रेक बदलले म्हणून क्लेम नाकारला? आधी पत्रावरची तारीख बघा

साताऱ्यातल्या गोडोलीच्या एका वाचकाने जुन्या मारुती ८०० ला दुसऱ्या गाडीचे मोठे डिस्क ब्रेक आणि बूस्टर बसवून घेतले. यवतेश्वर घाट उतरताना टेम्पोने बाजूने ठोकलं आणि विमा कंपनीने 'वाहनात अनधिकृत बदल' असं कारण देऊन क्लेम फेटाळला. ब्रेक बदलणं गुन्हा आहे का, असं ते विचारतात. हा प्रश्न वेगवेगळ्या गाड्यांच्या नावाने सारखा येतो.

तुमचं सगळं अडलंय ते तारखेवर. नकाराच्या पत्राला एक वर्ष दहा महिने झाले. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला मुदत दोन वर्षांची. मधल्या काळात तुम्ही कंपनीला मेलवर मेल पाठवत बसलात, त्याने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. वकिलाच्या नोटिशीनेही नाही. सबळ कारण असेल तर आयोग उशीर माफ करतो, पण 'उत्तराची वाट पाहत होतो' हे कारण मांडायची मला तरी लाज वाटेल. पुण्याच्या विमा लोकपालाकडची एक वर्षाची मुदत तर गेलीच.

आता ब्रेकचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीतला, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रातला, तपशील मूळ कंपनीच्या तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल करू देत नाही. आरसीत इंजिन, चासी, इंधन, रंग असतो; ब्रेक नसतात. हा मुद्दा लढण्यासारखा आहे. मात्र २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावलाय, तो निकाल कंपनी पुढे करणारच. विमा घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्ममध्ये तुम्ही काय लिहिलंत तेही मला दिसत नाही. तुम्ही पॉलिसीची अट मोडली असं आयोगाने धरलं, तरी ठोकर ब्रेकमुळे झाली नसेल तर काही टक्के रक्कम मागता येते. २०१० च्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७५ टक्के दिली होती. तुम्हाला तेवढी मिळेलच असं मात्र नाही.

अपघातानंतर नुकसान तपासलेल्या सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत आजच लेखी मागा. ती येईपर्यंत थांबू नका, तक्रार साताऱ्याच्या जिल्हा आयोगातच दाखल करा. जुन्या मारुतीच्या विम्याएवढ्या रकमेला फी नाही. आणि ज्या मेकॅनिकने कच्च्या चिठ्ठीवर काम केलं, त्याच्याकडून मागच्या तारखेचं पक्कं बिल करून आणू नका. काय बसवलं, कसं बसवलं, याचं त्याचं प्रतिज्ञापत्र घ्या.