भाडं गाडीचं, भरवसा नोकरीचा

प्रश्न : वय ३८, राहायला पिंपळे सौदागर, नोकरी हिंजवडीत. वजावटी जाऊन करपात्र पगार २७ लाख, नवी करप्रणाली. बारा वर्षांची हॅचबॅक काढून टोयोटा हायरायडरचं हायब्रिड मॉडेल घ्यायचं आहे. एक्स-शोरूम १८ लाख; आरटीओ कर वगैरे धरून, विमा सोडून, २० लाख ३० हजार. आमच्या कंपनीत कार लीजची योजना आहे : ४८ महिने, दरमहा ४४,५०० रुपये पगारातून कापले जाणार, शेवटी ५ लाख ४० हजार भरले की गाडी माझी. दुसरीकडे बँक ९ टक्क्यांनी चार वर्षांसाठी १६ लाख द्यायला तयार आहे. वरचे ४ लाख ३० हजार एफडीत आहेत. एचआरने ‘तीस टक्के बचत’ असं सांगितलं. वडील म्हणतात, दुसऱ्याच्या नावाची गाडी दारात कशाला? काय करू? ता. क. – दुसऱ्या एका कंपनीत बोलणी चालू आहेत, तिसरी फेरी झाली. नक्की काही नाही.

उत्तर :

तुमचं पत्र मी शेवटाकडून वाचायला हवं होतं. अर्धा तास आकडेमोड केली, लीजच्या बाजूने कौल द्यायचं जवळपास ठरवलं, आणि मग तो ताजा कलम नजरेला पडला. तिसरी फेरी! अहो, खरा प्रश्न तोच आहे. पण आकडे मांडून झालेत, तर आधी तेच बघू.

कर बाजूला ठेवून नुसता खर्च बघा. विमा आणि सर्व्हिसिंग दोन्हीकडे सारखंच, म्हणून ते सोडून देतो. कर्जाचा हप्ता बसतो ३९,८०० च्या आसपास. चार वर्षांचे हप्ते १९ लाख ११ हजार, त्यात तुमचे ४ लाख ३० हजार मिळवले की २३ लाख ४१ हजार. लीजचं भाडं चार वर्षांत २१ लाख ३६ हजार, शेवटचे ५ लाख ४० हजार धरून २६ लाख ७६ हजार. फरक ३ लाख ३५ हजारांचा. लीजमध्ये तुमची एफडी शाबूत राहते, तिचं कर कापून चार वर्षांचं व्याज ९० हजारांच्या वर जाईल, ते वजा केलं तरी लीज साधारण २ लाख ४० हजारांनी महाग पडते.

महाग का, हे समजून घ्या, कारण एचआरच्या स्लाइडवर ते कधीच नसतं. चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल-डिझेल गाड्यांवर, हायब्रिडसुद्धा, २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के झाला. हायब्रिडवर आधी सेससकट ४३ होता, म्हणून शोरूममध्ये किंमत उतरल्याचा आनंद झाला. पण गाडी भाड्याने दिली तर भाड्यावरही त्याच दराने जीएसटी लागतो. लीज कंपनीच्या भाड्यात गाडीची किंमत असते, तिचं व्याज असतं आणि तिने भरलेला आरटीओ करही असतो. या सगळ्यावर ४० टक्के. बँकेच्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही. तुमच्या भाड्याची मी उलटी फोड केली तेव्हा लीज कंपनीचा व्याजदर सव्वादहाच्या आसपास निघाला. दर वाईट नाही. पण त्या व्याजावर आणि आरटीओ करावर बसलेला जीएसटीच अडीच लाखांच्या घरात जातो. म्हणजे महागाई जवळजवळ सगळी तिथलीच. आरटीओ कर भाड्यात न घालता वेगळा भरता येईल का, एवढं एक विचारून बघा. काही कंपन्या मान्य करतात.

आता कर; आकडे ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या नियमांचे आहेत. गाडी कंपनीने भाड्याने घेतलेली, पेट्रोल-देखभालही कंपनीकडून, आणि वापर थोडा कामाचा थोडा घरचा, अशी मांडणी असेल तर १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिन्याला फक्त १,८०० रुपये तुमच्या उत्पन्नात धरत. ड्रायव्हर असेल तर आणखी ९००. हायरायडरचं इंजिन १,४९० सीसीचं, म्हणजे तुम्ही आत बसता. (शोरूमवाल्याने इनोव्हा हायक्रॉसही दाखवली असेल, तिचं इंजिन जवळपास दोन लिटरचं, तिथे १,८०० चे २,४०० होत. फरक किरकोळ आहे, पण गाडीची किंमत किरकोळ नाही.) आणि हे नव्या करप्रणालीतही चालतं, कारण ही वजावट नव्हे, सुविधेचं मूल्य मोजायची पद्धत आहे.

गंमत बघा. हीच गाडी तुमच्या नावावर असली आणि कंपनीने पेट्रोल दिलं, तर महिन्याला १,८०० रुपये वजा मिळत आणि वरचा सगळा खर्च करपात्र. एकीकडे १,८०० उत्पन्नात मिळवायचे, दुसरीकडे तेवढेच वजा करायचे. आकडा एक, बाजू बदलली की सगळं गणित बदलतं.

तर वर्षाला ५ लाख ३४ हजार भाडं पगारातून बाहेर, २१,६०० परत आत. करपात्र रक्कम ५ लाख १२ हजारांनी खाली येते. पण ती सगळी ३० टक्क्यांच्या टप्प्यात नाही. तुमचे २४ लाखांवरचे तीनच लाख तिथे आहेत, खालचे २ लाख १२ हजार २५ टक्क्यांच्या टप्प्यात. उपकर धरून वर्षाची बचत १ लाख ४९ हजार. एचआरच्या हिशेबाने ती १ लाख ६६ हजार होते. त्यांनी खोटं सांगितलं असं नाही, एकाच तक्त्यात सगळ्यांना बसवलं. चार वर्षांचे झाले ५ लाख ९५ हजार. त्यातून २ लाख ४० हजारांचा जादा खर्च वजा. लीज साडेतीन लाखांनी फायद्यात. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग महिन्याला दहा हजार धरलं तर त्यावरचे आणखी ३१ हजार वर्षाला, ते वेगळे.

एवढं वाचून सही करायला निघू नका.

तुम्ही कराराची प्रत पाठवलीत हे फार बरं केलंत. बहुतेक जण भाड्याचा आकडा पाठवतात. नवव्या पानावर ५ लाख ४० हजारांच्या पुढे एक शब्द आहे : ‘अंदाजे’. त्याच्या खालच्या ओळीत, मुदत संपल्यावर गाडी ‘त्या वेळच्या बाजारभावाने’ घेण्याचा प्रस्ताव कर्मचाऱ्याला देता येईल, असं आहे. देता येईल, दिला जाईल असं नाही. चार वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची विम्याची किंमत मूळ किमतीच्या निम्मी धरतात, म्हणजे नऊ लाख. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, म्हणजे तोवर ती अर्धीच सरलेली. अशी गाडी नऊला सहज जाईल. मग बाजारभाव नऊ आणि तुमच्या मनात ५.४०, मधले ३ लाख ६० हजार कुणाचे? तुमचा चार वर्षांचा सगळा फायदा त्या एका शब्दात जातो. ‘आम्ही नेहमी त्याच भावाला देतो’ असं तिथला माणूस फोनवर सांगेल, आणि बहुधा खरंही सांगत असेल. पण चार वर्षांनी तो माणूस त्या टेबलावर नसणार. आकडा, त्यात जीएसटी धरलाय की नाही, आणि खरेदीचा पहिला हक्क तुमचा, हे तिन्ही लेखी घ्या. करारात बदल करत नसतील तर वेगळं पत्र घ्या. पत्रही देत नसतील, तर लीज नको.

वडिलांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. त्यांना अभिमानाचं वाटत असेल, पण त्यात पैशाचंही आहे. लीजची गाडी वापरणाऱ्याच्या नावावर नोंदवून आरसीवर लीजचा शेरा मारता येतो, किंवा थेट कंपनीच्या नावावर नोंदवतात. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर १२ टक्के कर आणि कंपनीच्या नावावर २० टक्के. १८ लाखांवर हा फरक १ लाख ४४ हजारांचा, आणि तो भाड्यात शिरला की त्यावर पुन्हा व्याज आणि जीएसटी. तुमच्या कोटेशनमध्ये १२ टक्केच धरलेत, पण करारात नोंदणी कुणाच्या नावावर हे कुठेच लिहिलेलं नाही. विचारा.

विम्याचं थोडक्यात. लीजमध्ये गाडी पूर्ण निकामी झाली किंवा चोरीला गेली, तर विमा कंपनी घसारा धरून पैसे देणार. दुसऱ्या वर्षात वीस टक्के कापून १४ लाख ४० हजार. लीज कंपनी मात्र स्वतःच्या तक्त्याप्रमाणे मागणार, आणि त्यातली तूट तुमच्या पगारातून. ‘रिटर्न टू इनव्हॉइस’चं, म्हणजे घसारा न कापता बिलाची किंमत देणारं, जोडकवच घ्या, त्यात काटकसर नको.

आता तो ताजा कलम.

तुमच्या कराराच्या शेवटच्या तक्त्यात महिन्यागणिक फोरक्लोजरची, म्हणजे लीज मुदतीआधी मोडताना भरायची, रक्कम दिली आहे. समजा दीड वर्षाने तुम्ही नोकरी सोडली. अठराव्या महिन्यासमोर आकडा आहे १७ लाख २० हजार : उरलेलं मुद्दल, तीन महिन्यांचं भाडं दंड म्हणून, आणि सगळ्यावर जीएसटी. तोवर तुम्ही ८ लाख भाडं भरलेलं. एकूण २५ लाख २१ हजार. कर्ज घेतलं असतं तर तेव्हा बँकेचे १० लाख ६६ हजार बाकी असते आणि आधी भरलेलं सगळं धरून गाडी २२ लाख १३ हजारांना पडली असती. तीन लाखांच्या जादा खर्चासमोर तुमची दीड वर्षाची करबचत २ लाख २३ हजार, वर एफडीचं थोडं व्याज. म्हणजे साडेतीन लाखांचा फायदा सोडाच, पन्नासएक हजार खिशातून. तेवढं सोसवेल. पण नोटीस पिरियडच्या त्या दोन-तीन महिन्यांत १७ लाख उभे कुठून करणार? जुन्या गाडीवरचं कर्ज नव्यापेक्षा महाग असतं, आणि नव्या नोकरीत पहिला पगार हातात पडेपर्यंत बँक हप्त्याची ऐपत मोजायलाही कुरकुर करते. माझ्याकडच्या एका दांपत्याने अशाच वेळी मुलीच्या शिक्षणासाठीचे म्युच्युअल फंड विकले. गाडी छान आहे, अजून चालवतात.

करारात ‘नव्या मालकाकडे हस्तांतर’ असंही कलम आहे. त्यावर विसंबू नका. नव्या कंपनीचा त्याच लीज कंपनीशी करार असेल तरच ते होतं, आणि तेही दोन्ही एचआरना वेळ असेल तर.

आणखी एक अनिश्चितता आहे, पण ती मला कमी घाबरवते. हे १,८०० आणि २,४०० चे आकडे २००९ पासून तसेच होते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, आणि त्याबरोबर नवे नियम. तुमची बहुतेक वर्षं नव्या नियमांखाली जाणार. समजा १,८०० च्या जागी चौपट धरले. तुमचा फायदा साठएक हजारांनी घटेल. साडेतीन लाखांतून साठ गेले तरी लीज उभी राहते. नोकरी गेली तर उभी राहत नाही. ‘थोडा कामाचा वापर’ ही अट मात्र कागदावर तरी खरी ठेवा; तुम्ही आठवड्यातले तीन दिवस घरून काम करता, तेव्हा क्लायंटकडे किंवा विमानतळावर गेलात तर तारीख-किलोमीटरची नोंद वहीत असू द्या. निव्वळ घरगुती वापर ठरला तर सवलतीचं मूल्य जातं आणि पूर्ण खर्चावर कर लागतो.

हायब्रिडच का, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी बोलतो. कंपनीचा २७.९७ किलोमीटरचा आकडा चाचणीतला आहे. तुमच्या वाकड-हिंजवडीच्या रांगेत हायब्रिडची चांदी असते, कारण खोळंबलेल्या गर्दीत ती बॅटरीवर सरकते. पण महिन्याला हजार किलोमीटरच फिरणार असाल तर साध्या पेट्रोलच्या तुलनेत वर्षाला वाचणार पंचवीस-तीस हजार. हायब्रिडसाठी साध्या पेट्रोलपेक्षा वर मोजलेले तीन लाख त्यातून भरून यायला दहा वर्षं लागतील. शांत गाडी हवी म्हणून घ्या, बचत म्हणून नको.

तर माझं म्हणणं असं : आत्ता काहीच करू नका. डिसेंबरात शोरूमवाला वर्षअखेरीची सूट दाखवेल, तिच्या मोहात पडू नका. सूट पन्नास हजारांची असेल, आणि गाडी कागदावर महिन्याभरात एक वर्षाने म्हातारी होईल. चौथ्या फेरीचं काय होतं ते बघा. ऑफर आली आणि जाणार असाल, तर पगाराची घासाघीस करतानाच तिथल्या लीज योजनेची विचारणा करा आणि रुजू झाल्यावर सहा महिन्यांनी गाडी घ्या. तिथे योजना नसेल तर बँकेचं कर्ज घ्या. बोलणी फिसकटली आणि पुढची तीन-चार वर्षं इथेच काढायची मनाची खरोखर तयारी असेल, तर नवव्या पानाची दुरुस्ती करून घेऊन लीजवर सही करा. आणि सही करायच्या आधी त्या एफडीला हात लावणार नाही, असं घरात ठरवा. लीजमुळे मोकळे राहिलेले ४ लाख ३० हजार शेवटच्या ५ लाख ४० हजारांसाठीच आहेत, दिवाणखान्याच्या फर्निचरसाठी नाहीत.

वडिलांना सांगा, आरसीवर मुलाचंच नाव येणार असेल तरच गाडी येईल. पूजेचा नारळ मात्र त्यांनीच फोडायचा.